द्राक्षाची साल

शेजारच्या काकूंचा डबा परत द्यायला गेले होते. त्यांच्या यजमानांचं, नानांचं, नाव निघालं आणि तेवढ्यात नानाच फिरून आले. मी सवयीने म्हणून गेले, "शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला!"

नाना खूश झाले. टेबलाशी बसून त्यांनी काळी द्राक्षं पुढ्यात ओढली. एकेक द्राक्ष तोंडात घोळवायचे, साल चावून गिळायचे आणि गर पचकन वाटीत थुंकायचे. "हृदयाला जपणारं जे काही असतं ना, ते सालीत," ते मला म्हणाले. "त्यानं म्हणे आयुष्यही वाढतं. गरात काय, नुसती साखर!" हनुवटीवर ओघळलेला रस त्यांनी बाहीला पुसला.

शी! वाटीत ते हिरवट, बुळबुळीत गोळे साचत चालले होते. थुंकीची किळस एक वेळ गिळता येते. पण द्राक्षातलं द्राक्ष थुंकून टाकायचं आणि सालीवर जगत राहायचं, हे कसलं जगणं? गोडवा नको, रस नको, नुसती मुदतवाढ हवी. इतक्या जपलेल्या हृदयात हा माणूस ठेवणार तरी काय? समोर उभ्या असलेल्या काकूंना त्यांनी एक द्राक्षसुद्धा देऊ केलं नाही.

वाटी भरली तशी त्यांनी ती न बघताच काकूंकडे सरकवली. काकूंनी ती कचऱ्यात उपडी केली आणि कितीतरी वेळ हात धुतले.

मला दारापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा हळूच म्हणाल्या, "मघाशी शंभर वर्षं म्हणालीस ना, तसं पुन्हा नको गं म्हणूस."