मुनियांची जागा

माझ्या वडिलांना, अप्पांना, अंथरुणातून उठता येईनासं झालं, तेव्हा मी त्यांच्या खिडकीसमोर पाखरांसाठी बाजरी ठेवू लागले. आधी पसरट ताटली टांगली, तर तिच्यावर पारव्यांनीच ठाण मांडलं. मग नारळाची करवंटी टांगली. तिच्या काठावर इवल्याशा मुनियाच काय त्या मावत. त्या आल्या की अप्पांचा चेहरा उजळे.

एका सकाळी ते म्हणाले, "सुमे, ती करवंटी मेंदीच्या कुंपणाशी नेऊन टांग."

"अप्पा, तिथलं तुम्हाला काही दिसायचं नाही."

"न दिसू दे. इथं उघड्यावर दाण्यागणिक मान वर करून बघतात गं. भीत भीत खातात. तिथं लपायला झुडूप आहे."

मी नेली, पण मनातून खट्टू झाले. खिडकी ओकीबोकी वाटू लागली. कुणाला काही दिलं की त्याचा आनंद आपल्या डोळ्यांसमोरच व्हावा, अशी किती हाव असते आपल्याला!

मग एका सुस्त दुपारी मेंदीतून किलबिल ऐकू आली, दाट आणि निवांत. मी बघायला उठले, तसे अप्पा हळूच म्हणाले, "जाऊ नकोस. उडतील."

मी त्यांच्या उशाशी बसले. त्यांनी डोळे मिटले होते. भिंतीवर उन्हाचा कवडसा सरकत होता आणि आम्ही दोघं, न दिसणाऱ्या पाखरांचं जेवण ऐकत होतो.