टाकून जाते

घर सुरक्षित आहे की नाही हे मॅडमना उंबऱ्यातच कळायचं. फरशी चकचकीत असली की सुरक्षित, भिंतीला ओल असली की धोका. कशाला हवी पुढची चौकशी? मी एका संस्थेत काम करते. बाल कल्याण समितीपुढे ज्या मुलांच्या केसेस चालतात त्यांच्या घरी जायचं, घरातल्या माणसांशी बोलायचं आणि मूल तिथे सुखरूप राहील का हे समितीला सांगायचं, हे आमचं काम. समितीला इथे सगळे कोर्टच म्हणतात. मॅडम म्हणजे समितीने बोलावलेल्या तज्ज्ञ. कुठलासा डिप्लोमा, गळ्यात ओळखपत्र आणि पिशवीत घरची पाण्याची बाटली. लोकांच्या घरचं पाणी त्या पीत नसत. मला बरोबर न्यायच्या, कारण त्यांना गावठाणातल्या गल्ल्या सापडत नसत आणि तिथली बोली कळत नसे. माझं माहेर याच पट्ट्यातल्या नावडे गावचं, त्यामुळे मला दोन्ही जमायचं. मात्र मत द्यायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

ही केस घणसोली गावातली. मुलगी दुसरीत. आई आजारपणात गेली, मग पोर कधी आजीकडे, कधी बापाकडे. बाप दारू पिऊन मारायचा. एकदा त्याने हातावर चटका दिला, शाळेतल्या बाईंनी तो पाहिला आणि पोरीची रवानगी बालगृहात झाली. आता आईची आई पोर मागत होती. प्रश्न एवढाच की पोर आजीकडे जाणार की बालगृहातच राहणार.

आजी म्हावरं, म्हणजे मासळी, विकणारी. बाजारातून आल्या आल्या हात-पाय धुऊन, चांगलं लुगडं नेसून बसली होती. खोली एकच, पण लख्ख आवरलेली. मॅडम खुर्चीच्या कडेवर टेकल्या. पूर्ण बसल्या असत्या तर खुर्ची काही चावली नसती.

"मुलीला स्वतंत्र खोली आहे का?" त्यांनी विचारलं.

आजी माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली.

"ती माज्या कुशीत झोपते," आजी म्हणाली.

मॅडमनी काहीतरी लिहिलं. माझं टाळकं तिथेच सरकलं. सात वर्षांची पोर, आई गेलेली, आणि हिला स्वतंत्र खोली हवी.

"यापूर्वी ती तुमच्याकडे असायची तेव्हा सकाळी तिच्याजवळ कोण असायचं?"

"मी बाजारात म्हावरं इकाला जाते ना. पोरीला बाजूवालीकडं टाकून जाते. दुपारी आली का घेऊन येते."

मॅडमचं पेन थांबलं. "टाकून जाता?"

"हां. रोजच."

"त्यांना ठेवून जाते म्हणायचंय," मी मध्ये तोंड घातलं.

"मला मराठी येतं," मॅडम म्हणाल्या. मग फोन वाजला म्हणून त्या बाहेर गेल्या.

त्या बाहेर असताना मी जे विचारायला हवं होतं ते विचारलं. बाप आला तर? आजी उठली आणि तिने मागचं दार उघडून दाखवलं. दोन पावलांवर बाजूवालीचा स्वयंपाकाचा ओटा. बाजूवाली धिप्पाड बाई, तिचा नवरा आणि दीर घरीच असायचे, जाळी विणत.

"तो पयला इथंच येनार ना," आजी म्हणाली. "म्हनून तर पोरीला तिथं टाकते. त्या घराची पायरी चढायची त्याची छाती नाय."

आता याहून चांगला बंदोबस्त कुठल्या तज्ज्ञाने सुचवला असता, सांगा. मॅडम आत आल्या, बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "चला, झालं आपलं."

सुनावणीच्या खोलीत भिंतीवर ससे आणि फुगे रंगवलेले. मुलांना भीती वाटू नये म्हणून. त्या सशांच्या खाली छोट्या खुर्चीत पोर बसलेली, हातात कुणीतरी दिलेलं चॉकलेट, समोर आजी. आणि मॅडमनी पोरीच्या देखत खणखणीत आवाजात वाचलं, "आजी मुलीला दररोज टाकून जाते, हे तिने स्वतः कबूल केलं आहे. मुलीचा परित्याग होण्याचा धोका संभवतो." पोरीला बाहेर नेऊन मग वाचावं एवढी साधी अक्कल त्या खोलीत कुणालाही नव्हती. ससे रंगवले की झालं.

पोरीने चॉकलेट खाणं थांबवलं आणि आजीकडे बघितलं.

मी उभी राहिले. म्हटलं, त्या बोलीत टाकणं म्हणजे सोपवणं. मॅडम म्हणाल्या, शब्द त्यांच्याच तोंडचा आहे, तुम्ही अर्थ लावू नका. सदस्य माना डोलावत होते. तेवढ्यात मॅडमचा फोन. तोंडावर हात धरून त्या कुजबुजल्या, पण खोली लहान, सगळ्यांना ऐकू आलं. "अगं, त्याला अबॅकसला टाकलंय. तिथून स्विमिंगला टाकायला सांग ड्रायव्हरला."

"मॅडम," मी विचारलं, "तुम्ही मुलाला रोज टाकता की अधूनमधून?"

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसल्या नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मग विचारलं, "बाजूवालीचं काय म्हणत होतात?" मी मागच्या दारासकट सगळं सांगितलं. पुन्हा घरभेट झाली, दुसऱ्या बाई गेल्या, आणि पोर आजीच्या ताब्यात मिळाली. मॅडमनी संस्थेत माझी तक्रार केली. करू देत. सीवूड्सच्या मॉलमध्ये दिसल्या की अजून नाक मुरडतात, मीही मुरडते.

इथे संपलं असतं तर मी कॉलर ताठ करून सांगितलं असतं. पण महिन्याभराने पाहणीला गेले तर घराला कुलूप. बाजारात गेले. आजी पाटीपुढे बसलेली आणि तिच्या मागे उलट्या घातलेल्या क्रेटवर पोर, मांडीवर शाळेची वही, पाय बर्फाच्या पाण्यात. मी आजीवर चिडले. इतकं सगळं केलं ते काय पोरीला भर बाजारात बसवायला? बापाला हा बाजार पाठ आहे.

"मना कलत नाय काय?" आजी म्हणाली. एक हात बोंबलांवर, डोळे रस्त्यावर. "बाजूवालीकडं पाय ठेवत नाय ती. दारातच माजं लुगडं धरून बसते. जन्मभर बोलली मी तो शब्द, बाय. आता बोलतच नाय. ठेवते म्हनते, सोडते म्हनते. तिला पटत नाय."

मला मॅडमना तिथे आणून उभं करावंसं वाटलं. एवढा राग मला कधी कुणाचा आला नव्हता.

मी पोरीजवळ खाली बसले. म्हटलं, "चल, मी येते तुझ्याबरोबर बाजूवालीकडे. आपण दोघी बसू."

तिने वहीतून मान वर केली नाही.

"मंग तू पन टाकून जाशील," ती म्हणाली.