सोनूबायचं सूप

हळदीत देवांची गाणी झाली की सोनूबाय सूप मागायची. जमलेल्या बायकांनी आपापले मोबाईल त्यात ठेवायचे, वर ती फडकं टाकायची, पुरुषांना बाहेर घालवून दार लोटायची. मगच तिचा गळा मोकळा व्हायचा.

कामण गावात ती आमची शेजारीण. लग्नविधींची गाणी म्हणणारी धवलारीण. देवांना आवतण देणारी गाणी तिला येत, तशी हळदीची चावट गाणीही. चौदाव्या वर्षी ती ऐकून मी लाजेने पळाले होते.

सूप मात्र नंतर आलं. एका हळदीत कुणीतरी चोरून तिचं गाणं टिपलं आणि ते फोनाफोनांतून फिरलं. गोदामांवरची पोरं तिला पाहून शिट्ट्या मारू लागली. गावच्या एका प्रतिष्ठितांनी भर रस्त्यात विचारलं, "या वयात असलं अश्लील शोभतं का?" सोनूबाय शांतपणे म्हणाली, "मासली उन्हात तुमी टाकली. नासली, त मासलीचा काय दोस?"

माझं लग्न ठरलं तेव्हा मीच तिला बजावायला गेले. "सोनूबाय, फक्त देवांची म्हण हं. सासूबाई बोरिवलीच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या."

"तुजी हलद, तुजी मर्जी," ती म्हणाली. "पन बाय, तुला कोनी काय सांगितलंय का?"

मी खाली पाहिलं. आईने काही सांगितलं नव्हतं. शाळेत तो धडा बाईंनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. लग्नाच्या पहिल्या रात्रीची मला भीती वाटे, आणि हे मी कुणालाच बोलले नव्हते. तिने नुसतं तोंड पाहून ओळखलं.

हळदीच्या दिवशी सासूबाई उष्टी हळद घेऊन आल्या आणि खुर्चीवर ताठ बसल्या. देवांची गाणी झाली. मग सोनूबायने माझ्याकडे पाहिलं आणि सूप मागितलं. आता लग्न मोडतंय, असंच मला वाटलं.

"नवरा आला वाघावानी, दिवा इजला, झाला शेलीवानी," तिने सुरू केलं. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. पुढचं कडवं ती म्हणालीच नाही. खुर्चीकडे बघत थांबली. आणि खुर्चीतून आवाज आला, बारीक पण सुरात:

"शेलीला पाला घाल गो हलूहलू, तू नको भिऊ न् ती नको पलू."

सासूबाईंचं माहेर खाडीपलीकडचं, एवढंच मला ठाऊक होतं. ती बोली त्यांच्या तोंडून बोरिवलीत कुणी कधी ऐकली नव्हती. सोनूबायला ते कशावरून कळलं, देव जाणे. मला जे कुणी सांगितलं नाही, ते त्या एका ओळीत होतं. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं आणि भीती कधी गेली ते कळलंच नाही. आजही आठवलं की सोनूबायपुढे हात जोडावेसे वाटतात.

गेल्या वर्षी सोनूबाय गेली. चोरून टिपलेलं ते एक गाणं सोडलं, तर तिचा आवाज कुणाकडेच नाही. सगळे फोन तर सुपात असायचे. परवा भाचीच्या हळदीत देवांची गाणी संपली, तशा बायका उठू लागल्या. भाची खाली मान घालून हातावरची हळद उगाच चोळत होती.

मी सूप मागितलं, आणि पहिला माझा मोबाईल त्यात ठेवला.