बघायचं, हात लावायचा नाही

"हिला फक्त बघण्यापुरतं दे. बदलायचं राहू दे."

सर नितीनला म्हणाले. मी तिथेच उभी होते, दोघांच्या मधे. माझ्याच कॉम्प्युटरबद्दल बोलत होते आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

अंधेरीला एमआयडीसीत मालिकांची सबटायटल्स करणारं छोटं ऑफिस. कॉम्प्युटर ज्याचा त्याने आणायचा. माझा भावाने जुळवून दिलेला, विक्रोळीहून रिक्षात मांडीवर धरून आणलेला. फाइली मात्र सगळ्या आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर. नितीन आमचा नेटवर्कवाला. तो प्रत्येकाच्या मशीनवर तिथलं फोल्डर जोडून द्यायचा. जोडलं की ते आपल्याच मशीनवर असल्यासारखं उघडतं. फाइल काढा, दुरुस्त करा, सेव्ह करा. गार्गी माझ्याच दिवशी लागली. तिचं पाच मिनिटांत झालं. तिला कोणी काही विचारलं नाही.

मला विचारलं. आडनाव काय? गाव कुठलं? मी सांगितलं. सर हसले. "मग एप्रिलमध्ये जयंतीची सुट्टी लागणार तुला." आणि लगेच नितीनला ते वाक्य.

पहिला दिवस होता ना. घरी आईचं शेजारणींना सांगून झालं होतं, पोरगी अंधेरीला ऑफिसात लागली. काय बोलणार होते मी, डोंबल!

मग रोजचंच झालं ते. फोल्डर दिसतंय, उघडतंय, पण सेव्ह करायला गेलं की मशीन नाही म्हणतं. केलेलं काम पेन ड्राइव्हवर घ्यायचं, गार्गीपुढे जाऊन उभं राहायचं. "गार्गी, टाकतेस का गं?" ती आधी पेन ड्राइव्ह स्कॅन करायची. व्हायरस असेल म्हणून. फक्त माझाच. बाकीच्यांचे थेट लागायचे. गोमूत्र शिंपडायचं तेवढं बाकी होतं. लाज वाटायची मला. त्यांना नाही, मला! हे आठवलं की आजही डोकं फिरतं.

एकदा नितीनला विचारलं, किती काम असतं रे हे?

"सर्व्हरवर तुझ्या नावापुढचं एक अक्षर बदललं की तुलाही सेव्ह करता येईल यार. पण सर हो म्हणायला हवेत ना."

सरांना विचारलं. "अगं, सिक्युरिटी असते. तुला नाही कळणार."

एका शनिवारी गार्गी नाशिकला गेली. जाण्याआधी तिने चुकून माझी जुनी फाइल सर्व्हरवर टाकली. एपिसोड संध्याकाळी चॅनेलला जाणार. मी उघडून बघितलं तर वाट लागलेली. नायिका रडतेय आणि खाली सासूचे टोमणे. बरोबर फाइल माझ्या मशीनवर होती. एकीच्या जागी दुसरी टाकायची, बस. होईना. पुन्हा केलं, होईना. सरांना फोन लावत राहिले, उचलेनात. नितीन म्हणाला, "माझी नोकरी जाईल, समजून घे ना."

"अरे, मग तुमच्यापैकी कोणीतरी टाका रे!" मी ओरडलेच. बाकीचे दोघं माना खाली घालून बसले. "तुझं काम गार्गीच टाकणार, असं सर म्हणालेत," एवढं एकजण पुटपुटला. हात असून लुळी झाले मी. चुकीची फाइल माझ्या डोळ्यांदेखत गेली.

सोमवारी सरांनी सगळ्यांसमोर उभं केलं.

"बसायला जागा दिली, काम दिलं, तरी हेच. काही जणांच्या रक्तातच नसतं."

गार्गी स्क्रीनकडे बघत राहिली. जुनी फाइल कोणी टाकली हे तिला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं.

"चॅनेलला मेल टाक. चूक माझी होती म्हणून. माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

नोकरी हवी होती मला. फार हवी होती. खुर्चीत बसले. 'चूक माझी' इथपर्यंत टाइपही केलं. आणि मग बोटंच चालेनात. माझी? कशी काय माझी? ज्या फाइलला हातही लावू दिला नाही, तिची चूक माझी?

खोडलं. उठले.

"चूक माझी नाही, सर. मी दुरुस्त करायला धडपडत होते, तुम्ही वाट बंद करून ठेवली होती. माझं आडनाव ऐकून बंद केलीत. माफी मागणार नाही."

"मग चालती हो."

नितीन वायरी काढायला पुढे आला. "राहू दे," म्हटलं. "आता कशाला?" माझ्या मी काढल्या.

पुढे बरेच महिने घरी बसून होते. कुठला विजय-बिजय झाला नाही. सर आहेत तिथेच आहेत. "एक मेल टाकली असतीस तर काय बिघडलं असतं गं?" आई विचारायची. मला रडू यायचं. तिला उत्तर देता यायचं नाही.

आज देते. बिघडलं असतं, आई. एकदा खोटं कबूल केलं असतं, तर जन्मभर कबूल करत राहिले असते. उद्या पुन्हा कोणी माझं आडनाव विचारेल. मोठ्याने सांगेन. कामावरून काढतील, काढू देत. न केलेल्या चुकीची माफी माझ्या तोंडून कोणाला मिळणार नाही.