झऱ्याचा क्ष

दळवी मास्तर बोलता बोलता काटकीनं मातीत गणित मांडायचे. मयतीला आलेले असोत नाहीतर सोयरिकीला, काटकी हातात असायचीच. पिंपळीत त्यांचं रान माझ्या बांधाला लागून. पेन्शनीत निघाल्यावर रोज माझ्या विहिरीवर येऊन बसत.

मी तिसरीत शाळा सोडली. मला कुणी शिकवलेलं खपत नाही. तरी एकदा त्यांनी विचारलंच, "तात्या, मोटार तासाला दोन वीत पाणी उपसते आणि विहीर एकच वीत उतरते. मग एक वीत आलं कुठनं?"

"झऱ्यातनं. त्यात काय शिकायचं?"

"हेच समीकरण. दोन वजा क्ष बरोबर एक. क्षला एका बाजूला एकटा बसवायचा, जावयासारखा. मग तो बोलतो."

माझ्या जिभेला क्ष वळेना. म्हणालो, "मी झ म्हणतो, झऱ्याचा."

"म्हणा. पण पायरी गाळू नका. पायरी गाळणारा काहीतरी लपवतो."

गेल्या चैत्रात डाळिंबानं फळ धरलं आणि विहीर तासाला दोन वीत उतरू लागली. मोटार तीच. मी मातीत मांडलं: दोन वजा झ बरोबर दोन. म्हणजे झ शून्य. मास्तरांनी पायरीन्‌पायरी तपासली आणि पाठीवर थाप मारली. "बरोबर सोडवलंत. उन्हाळा आहे तात्या, झरा आटला." बाग जात होती आणि मी त्या थापेनं फुगलो होतो.

पुढं चुकलेली शेळी शोधत त्यांच्या उसात शिरलो. मधोमध नवी बोअर, माझ्या झऱ्याच्याच रेघेत. चालू होती.

तसाच त्यांच्या ओट्यावर गेलो. "मास्तर, माझा झ तुमच्या उसात घावला."

"बोअर माझ्या रानात आहे, तात्या."

"व्हय, रान तुमचंच. पन माझं गणित तपासताना तुमाला उत्तर ठावं हुतं. मग थाप कशाला मारली?"

घरातून चहा आला. मी घेतला नाही.

डाळिंब वाळलं, उपटून बांधावर टाकलं. त्यांची माझी बोलचाल तुटली ती तुटलीच. दिवाळीनंतर मास्तर गेले. मी खांदा दिला, शेजारधर्म आहे. घाटावर लोक म्हणाले, "तात्या, तुमी रोज संगं बसायचा, दोन शब्द बोला."

मी उभा राहिलो. म्हणालो, "मास्तरांनी मला गणित शिकवलं."

लोक पुढचं ऐकायला थांबले होते. मी खाली बसलो.