गाऱ्हाण्यातला खोकला

मला स्टेजवर मारलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते, वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा मांडव गच्च भरला होता आणि माईक चालू होता. माईक चालू होता हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्याकडे ऐन वेळी माईक चालणं हा दैवी योग असतो. नेमका त्या दिवशी तो खणखणीत चालला. गालावर बसलेली चपराक म्हणे पार बंदरापर्यंत ऐकू गेली. लोक काय, काहीही सांगतात. पण आवाज उत्तम आला, हे मी कबूल करतो.

मी पेशाने पंप दुरुस्त करणारा. विहिरीवरचा, माडांच्या बागेतला, कोणताही आणा. विनोद करतो तो हौसेने. वर्धापनदिन असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, सार्वजनिक पूजा असो, मालवणपासून वैभववाडीपर्यंत लोक बोलावतात आणि सगळ्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे गाऱ्हाणं. आमच्या भागात गावचा मानकरी देवळात उभा राहतो, देवाला हाक मारतो आणि गावाची दुखणी, भांडणं, अडचणी एका दमात त्याच्या कानावर घालतो. प्रत्येक मागणीमागून जमलेली माणसं 'होय म्हाराजा' म्हणतात. अर्जावरची सहीच ती. मी तेच स्टेजवर घालायचो, फक्त मागण्या माझ्या.

"बा देवा म्हाराजा, मोबाईलाक रेंज गावणा नाय म्हणान माणसां माडार चढतत. तर एक रेंज तरी खाली हाड, नायतर माड तरी वाकव रे म्हाराजा!"

की मांडवभर "होय म्हाराजा!"

पण माझा खरा हुकमी एक्का वेगळाच होता. आमच्या गावचे मानकरी पंच्याहत्तरीच्या पुढचे. मी त्यांना काका म्हणतो. गाऱ्हाणं घालताना ते मध्येच थांबतात, लांब श्वास ओढतात, तीनदा कोरडं खोकतात आणि मग 'म्हाराजा' हा शब्द अर्धा आत, अर्धा बाहेर असा येतो. तो खोकला मी जसाच्या तसा उचलला होता. आठ दिवस आरशासमोर बसलो होतो त्यासाठी. बायको म्हणाली होती, एवढं दहावीला बसला असतास तर कुठच्या कुठे असतास. रेंजवर लोक हसायचे, खोकल्यावर मात्र खुर्चीवरून पडायचे.

त्या दिवशी मी खोकलो, लोक पडले, आणि ते सावरायच्या आत काका पहिल्या रांगेतून उठले. स्टेजच्या पायरीशी थांबले. वहाणा काढल्या. कोपऱ्यात सरस्वतीची तसबीर होती, समई तेवत होती, म्हणून मारायला निघालेला माणूस अनवाणी चढला! मला वाटलं, पाठ थोपटायला येतायत. मी पाया पडायला वाकलोसुद्धा. गाल त्यांना आयताच सोयीच्या उंचीवर मिळाला.

लोकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. टाळ्या पडल्या. आणि मी काय केलं? इथे माझी लायकी कळते. मी गाल धरला, तोंड माईककडे नेलं आणि म्हणालो, "होय म्हाराजा."

मांडव नुसता फुटला. काका मध्ये उभे. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, त्यांनी तोंड उघडलं आणि खोकला आला. खरा खोकला. त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा त्याला पडला. मग ते खाली उतरले आणि वहाणा शोधू लागले. एक सापडली, दुसरी गर्दीत कुणाच्या तरी खुर्चीखाली गेली होती. एकच वहाण घालून ते घरी गेले. मी मात्र पुढे वीस मिनिटं कार्यक्रम केला आणि नारळ-शाल घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी माझ्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर मार खाल्लेल्या विनोदी माणसाने काय करावं, याचं ज्ञान अख्ख्या जिल्ह्याला जन्मजात असतं, हे मला तेव्हा कळलं.

आधी तालुक्याचे एक पुढारी आले. तक्रार ते घरूनच लिहून घेऊन आले होते, मी फक्त सही करायची. वाचून बघतो तर 'प्राणघातक हल्ला'! मी म्हटलं, अहो, पेजेवर जगणाऱ्या म्हाताऱ्याचा हात तो, प्राण कसला घेतो? तर म्हणाले, "प्रश्न तुमचा नाही, कलेचा आहे." संध्याकाळपर्यंत तिठ्यावर त्यांचा फ्लेक्स लागला, 'कलावंतावरील हल्ल्याचा जाहीर निषेध'. त्यांचा फोटो कमरेपर्यंत, माझा फक्त गाल. आणि तोही डावा. चपराक उजव्यावर बसली होती. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, "लोक भावना बघतात हो, गाल कोण बघतो?"

त्यांची पाठ वळते न वळते तोच परंपरेचे रक्षक हजर. मी देवाच्या गाऱ्हाण्याचा अवमान केला, तेव्हा मी नारळ ठेवून जाहीर माफी मागायची, असं त्यांचं म्हणणं. यातले चौघे तर आदल्या दिवशी दुसऱ्या रांगेत बसून बेंबीच्या देठापासून 'होय म्हाराजा' ओरडत होते! मी आठवण करून दिली. म्हणाले, "ता वेगळा." त्यांचाही फ्लेक्स लागला, पहिल्याच्या बरोबर समोर. निघताना त्यांच्यातल्या एकाने मला बाजूला घेतलं.

"फुडल्या म्हयन्यात आमच्या पूजेक येतलंस मां? खोकलो जरा लांबव हां."

मुंबईत विनोदाचे कार्यक्रम करणाऱ्या मित्राचा फोन आला. "बर्फ लावू नकोस, व्हिडिओ करेपर्यंत सूज राहू दे. नशीब काढलंस लेका!" शेजारचे मास्तर ख्रिस्ती, फार भला माणूस. ते म्हणाले, "आमच्यात दुसरो गाल फुडे करूक सांगलेला आसा." मग जरा थांबून म्हणाले, "सांगूक सोपा आसा. भावान वयीचो खुंटो माझ्या जमनीत सरकवल्यान, तेव्हा माका ता जमाक नाय."

सगळ्यांनी सल्ला दिला, पण विचारलं कोणीच नाही. रात्री जेवताना बायकोने विचारलं.

"कित्याक मारल्यानी तेंनी?"

मी म्हटलं, "विनोद कळलो नाय तेंका."

"कळलो नाय, की कळलो?" असं म्हणून तिने माझ्या ताटात भात वाढला. 

सकाळी उठून काकांच्या घरी गेलो. हातात हत्यारांची पिशवी घेतली, म्हणजे कोणी विचारलंच तर पंप बघायला आलोय म्हणता येईल. स्टेजवर शेरासारखा, एरवी असाच मी. काका बागेत होते. काकी खळ्यात बसून कोकमाची सोलं वाळत घालत होती. मला बघून तिने बसायला पाट दिला, कोकमाचं सरबत दिलं. ज्या घरच्या माणसाने मला मारलं त्या घरात माझा पाहुणचार चालला होता आणि मला लाज वाटत होती.

"गाल दुकता काय रे?" तिने विचारलं.

"नाय."

"तेंचो हात अजून दुकता," ती म्हणाली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

"माझ्या पोटात गाठ गावली. बेस्तरवारी गोव्याक आप्रेशन आसा. गेल्या सोमवारी हे माझ्यासाठी गाऱ्हाणा घालूक देवळात गेले. चाळीस वर्सां गावासाठी घातल्यानी, घरासाठी कधी एक शब्द नाय. पयल्यांदाच. आणि मधीच खोकलो इलो. फाटी उभो असलेलो कोणतरी फिसकन हसलो, मगे सगळेच. हेंनी गाऱ्हाणा थयच सोडल्यानी आणि घराक इले. तेव्हापासना धड जेवक नाय." सोलं परतत ती पुढे म्हणाली, "तुझा ऐकान माका पण हसाक येता रे. खोटा कित्याक सांगू?"

 आमच्याकडे गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडत नाहीत. काकांच्या लेखी देव सोमवारपासून कान देऊन बसला होता आणि त्यांचं वाक्य पुरं होत नव्हतं. आणि बेस्तरवार, म्हणजे गुरुवार, तोंडावर आला होता. हे मी केलं होतं. त्यांचा कंठ मी उचलून गावोगाव फिरवला, आणि ज्या दिवशी त्यांना स्वतःसाठी लागला त्या दिवशी तो कामाचा राहिला नव्हता. वर मारलं तर त्याचाही मी विनोद केला. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काका आले. खांद्यावरचा टॉवेल झटकून पायरीवर बसले.

"मारूक नको होता," तेच आधी म्हणाले. "पण शब्द गावाक नाय माका."

"काका, मी सगळ्यांसमोर माफी मागतंय. स्टेजीर."

"स्टेजीर देव बसता?" ते म्हणाले.  "बुधवारी सकाळी देवळात ये. माझ्या फाटी उभो रव आणि होय म्हाराजा म्हण. तुया म्हटलंस तर लोक हसाचे नाय."

मला ते एकदम पटलं. ज्याने हसवलं तोच गंभीर उभा राहिला तर हसणार कोण? त्यांनाही पटलं होतं, मलाही पटलं. दोघेही सपशेल चुकलो.

बुधवारी देऊळ भरलं होतं. निषेधवाले एका खांबाशी, परंपरावाले दुसऱ्या खांबाशी. मी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, हात जोडून काकांच्या मागे उभा होतो. काकांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत. ती मान्य करून घी रे म्हाराजा!"

मी छातीतून आवाज काढला. सरळ, काही न मिसळता. "होय म्हाराजा!"

आणि देऊळ फुटलं. निषेधवाले हसले, परंपरावाले हसले, पुजारी तोंडाला उपरणं लावून हसला. मी गंभीर होतो म्हणून तर जास्तच हसले. इतकी वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं की या माणसाने 'होय म्हाराजा' म्हटलं की हसायचं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट आता सांगतो. ते हसू कानावर पडलं त्या क्षणी मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मेल्या, देवळात तरी!

काका वळले. मी डोळे मिटले. मास्तरांनी सांगितलेला दुसरा गाल तयार ठेवला.

"तूच घाल," काका म्हणाले.

"काका, माका गाऱ्हाणा येणा नाय."

"माझा येता मां? ताच घाल."

ते बाजूला झाले आणि मला पुढे व्हावं लागलं. देवासमोर मी आयुष्यात कधी उभा राहिलो नव्हतो, नेहमी मागे. तोंड उघडलं तर काकांचाच आवाज आला. दुसरा आणणार कुठून? गाऱ्हाण्यासाठी माझा असा आवाज मी कधी केलाच नव्हता.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक. चाळीस वर्सां तुझो उंबरो सारवल्यान. तिच्या पोटात गाठ इली आसा..."

देऊळ एकदम शांत झालं. बऱ्याच जणांना हे माहीतच नव्हतं. मी लांब श्वास ओढला, आणि सवयीने गळ्याने तीनदा कोरडा खोकला काढला. देवाशपथ, मी ठरवून केलं नाही. तो आपसूक आला. आणि मागून हसू आलं, तेही आपसूकच.

 पुढचा शब्द निघेना. काका जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात. फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"खोकलो घालू नको, बाबा. तो गाऱ्हाण्यातलो न्हय. तो माझो दमो. फुडे म्हण."

मी पुढे म्हटलं. "ती उद्या गोव्याक जातली. डाक्टराच्या हाताक यश दी, आणि तिका चालत घराक हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," काका एकटेच म्हणाले. मग शेजारचे मास्तर म्हणाले, ते आमच्या देवळाच्या पायरीबाहेर उभे होते. मग एकेक करून बाकीचे.

काकी दहा दिवसांनी चालत घरी आली. फ्लेक्स दोन्ही अजून तिठ्यावर आहेत, उन्हाने माझा गाल पांढरा पडलाय. त्या पुढच्या महिन्यात परंपरावाल्यांच्या पूजेला मी गेलो. रेंज झाली, खड्डे झाले, मुंबईकर झाले. शेवटी पहिल्या रांगेतून ओरड सुरू झाली, "खोकलो! खोकलो घाल!"

मी माईक तोंडाजवळ घेतला आणि म्हणालो, "तो माझो न्हय."

त्यालाही लोक पोट धरून हसले.