बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

लढाई सुरू झाली तेव्हा मला आठवा महिना होता. माझे मालक फॅक्टरीत डबल ड्यूटी करायचे. घरी आले की जेवायचे आणि झोपायचे, बोलायला वेळच नसायचा. म्हणून बाळंतिणीच्या खोलीसाठी शेगडी घ्यायला सासूबाई मला घेऊन आमच्या कॉलनीजवळच्या गोरखपूर बाजारात गेल्या. आमच्या क्वार्टरची मागची खोली थंडीत बर्फासारखी व्हायची.

दुकानदाराने लोखंडी शेगडी पुढे सरकवली. "माताजी, पत्थर का कोयला डालो, घंटों आंच देगी."

सासूबाईंनी ती उचलून पाहिली, जाळी हलवून पाहिली. मला म्हणाल्या, "काय म्हणतेस? की मातीचीच पाहिजे?"

शेजारी जमिनीवर एक कुंभारीण मातीच्या गुरस्या मांडून बसली होती. तिकडे लोक बाळंतिणीच्या खाटेजवळ निखारे ठेवायला ही गुरसी वापरतात. मला ती आवडली होती. पण सासूबाईंचा हात लोखंडीवरच होता, तेव्हा मी म्हटलं, "तुम्हाले आवडेल ती घ्या."

त्या पैसे द्यायला वळल्या तेवढ्यात कुंभारीण हळूच म्हणाली, "बाई, वो कोयला बंद कमरे में मत रखना. नींद आती है, फिर उठते नहीं."

हे फक्त मी ऐकलं. वाटेत सांगावं असं दोनदा मनात आलं. पण तिची गुरसी विकली गेली नाही म्हणून ती बोलली असेल, आणि सासूबाई म्हणतील, आधी काहून नाही बोललीस?

मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. एवढीशी होती, नखं कागदासारखी. सुईण म्हणाली, हिला गारठा लागू देऊ नका, लागला तर हाती राहणार नाही. तेव्हापासून शेगडी खोलीत धगधगत असायची. मी खिडकी चार बोटं उघडी ठेवायचे. सासूबाई बंद करायच्या, मी पुन्हा उघडायचे.

आठव्या दिवशी दुपारी आमच्या रांगेतले वॉर्डन येऊन गेले. ते फॅक्टरीत फिटर होते आणि अंधार पडला की कुठे उजेड दिसतो का बघत शिट्टी घेऊन फिरायचे. दारातूनच म्हणाले, "माताजी, आपकी पिछली खिड़की से लाल उजाला दिखता है. ब्लैकआउट में एक चिनगारी भी नहीं चलेगी."

सासूबाईंनी लगेच पिठाची खळ केली. खिडकी लावून वर दुहेरी काळा कागद चिकटवला आणि दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं. मी खाटेवरून पाहत होते. कुंभारणीचे शब्द अगदी ओठांवर आले होते. तरी बोलले नाही.

दिवेलागणीला दिवे लागलेच नाहीत. सगळी कॉलनी काळी झाली. खोलीत शेगडीचा तेवढा लाल उजेड. मालक ड्यूटीवर होते. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"डोकं जड झालं गं. झोप येऊन राहिली मले," म्हणाल्या, आणि मान खाली गेली.

माझंही कपाळ ठणकत होतं. मुलीला पाजायला घेतलं तर तिने तोंड लावलंच नाही. गालाला टिचकी मारली, तळपाय चोळले. ती गरम होती, पण हलेना.

"आई, उठा! आई!" सासूबाई नुसत्या हुं म्हणाल्या.

मी उठले तर पाय लटपटले. खिडकीचा कागद नखांनी टराटरा फाडला, कडी काढली, दोन्ही कवाडं ढकलली. गार वारा आत आला आणि त्याच क्षणी बाहेर शिट्टी वाजली.

"कौन है? बंद करो खिड़की! पूरी लाइन को मरवाओगे क्या?"

परक्या पुरुषाशी मी आजवर शब्द बोलले नव्हते. नळावरसुद्धा पदर पुढे ओढून उभी राहायचे. त्या दिवशी ओरडले, "भैया, अंदर आओ! बच्ची उठत नाही!"

ते मागच्या दाराशी धावत आले आणि उंबऱ्यावर थबकले. सोयर फिटलं नव्हतं, बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कसा येणार? "दीदी, मैं अंदर कैसे..."

मी वाद घातला नाही. चिमट्याने शेगडीचा कान धरून ती ओढत दारापर्यंत नेली. त्यांनी अंगणातलं घमेलं तिच्यावर पालथं घातलं आणि गमछ्याने धरून शेगडी उचलून नेली. मग मात्र ते उंबरा ओलांडून आत आले आणि सासूबाईंना काखेत धरून ओसरीवर आणलं. तिथे सासूबाईंना मोठी उलटी झाली.

मी मुलीला पोलक्याच्या आत छातीशी धरून अंधारात बसले. सुईणीने गारठ्याची ताकीद दिलेली, आणि मी तिला उघड्यावर घेऊन आलेले. किती वेळ गेला कळलं नाही. वॉर्डन सारखे विचारत होते, "रोई क्या? रोई क्या, दीदी?"

आधी तिने शिंकल्यासारखं केलं. मग बारीक, मांजराच्या पिल्लासारखं रडली. वॉर्डन खाली बसले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

सकाळी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. चेहरा पिवळा पडला होता. "तुले कसं समजलं की शेगडीनंच होऊन राहिलं?"

मी सगळं सांगितलं. बाजारापासूनचं.

मला वाटलं आता बोल लावतील. "काहून नाही सांगितलंस, पोरी?" एवढंच म्हणाल्या. मग, "आता तूच सांग. हिले ऊब कशी द्यायची?"

मी म्हटलं, "विटा तापवू. चुलीवर, स्वयंपाकघरात. फडक्यात गुंडाळून ठेवू दोन्ही बाजूंनी. खोलीत विस्तव नको."

त्यांनी अंगणातून दोन विटा आणल्या, धुतल्या, चुलीत ठेवल्या. तापल्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेली वीट त्यांनी आधी आपल्या गालाला लावली, थोडा वेळ तशीच धरली, आणि मग माझ्या हातात दिली.